किनारो झाड, नायतर

कातळबंदरात माणूस मेला की तासाभरात चारही वाड्यांत कळतं. त्यासाठी कोणाला अर्ज करावा लागत नाही. जिवंत माणसाचं मात्र तसं नाही. निराधार योजनेत नाव असेल तर आपण अजून जिवंत आहोत हे दर वर्षी कागदावर लिहून, त्यावर शिक्का घेऊन, मार्चच्या आत मालवणला नेऊन द्यावं लागतं. त्या कागदाला म्हणतात हयातीचा दाखला, आणि तो मिळतो ग्रामपंचायतीत. सत्यवती बाळा कोयंडे ही बाई नवरा गेल्यापासून आठ वर्षं हा कागद नेमाने नेऊन देत होती. नवव्या वर्षी पंचायतीने तिला सांगितलं की तुम्ही जिवंत असल्याचा दाखला देता येणार नाही, कारण तुम्ही किनारा झाडलेला नाही.

हसायचं असेल तर हसून घ्या. सत्यवतीला काही हसू आलं नाही.

आता दोष कोणाचा म्हणाल, तर थोडा तिचाही होता. तिने स्वतःच्या तोंडाने होकार दिला होता, तोही देवळात. ते कसं झालं ते आधी सांगतो.

कातळबंदरची ग्रामसभा रवळनाथाच्या सभामंडपात भरते, कारण पंचायतीच्या खोलीत दोन कपाटं आणि एक कॉम्प्युटर ठेवल्यावर माणसांना जागाच उरत नाही. दोन ऑक्टोबरलाही ती तिथेच भरली. सरपंच जितेंद्र चाळिशीचा, हुशार, धडपड्या माणूस. किनाऱ्यावर त्याचा होमस्टे आहे आणि पर्यटकांना समुद्रात बुडवून परत वर काढणाऱ्या दोन बोटी आहेत. दिवाळीनंतर पुण्या-मुंबईची गर्दी सुरू होणार, आणि किनाऱ्यावर तर बाटल्या नि पिशव्यांचा खच. झाडायला माणूस ठेवायला पंचायत तयार नाही. तेव्हा जितेंद्रच्या डोक्यातून एक युक्ती निघाली आणि त्याने ती ठरावात घालून आणली.

ठराव वाचला ग्रामपंचायत अधिकारी संचिता मॅडमनी. बाई घाटावरची, बदली होऊन आलेली, कणकवलीत खोली घेऊन राहणारी. आवाज स्वच्छ, भाषा सरकारी. "शासकीय अर्थसहाय्य घेणाऱ्या निराधार लाभार्थ्यांनी दर शनिवारी दोन तास किनारा स्वच्छतेसाठी श्रमदान करणे बंधनकारक राहील; अन्यथा त्यांना ग्रामपंचायतीकडून कोणताही दाखला दिला जाणार नाही. कोणाची हरकत?"

सभा मूग गिळून बसली. हरकत घ्यायला आधी समजायला हवं. तेव्हा जितेंद्र म्हणाला, "आबा, तुमी जरा आपल्या भाषेत सांगा बघूया."

आबा म्हणजे दत्ताराम कोयंडे, सत्यवतीचा चुलत दीर. गावाचं गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे गावाच्या वतीने देवाला साकडं घालायचं काम त्याच्याकडे. आधी ते सत्यवतीच्या नवऱ्याकडे होतं. बाळाचा आवाज असा, की देवळात उभा राहून बोलला तर खालच्या वाडीतली माणसं अंगणातूनच "व्हय म्हाराजा" म्हणत. तो गेल्यावर नारळ दत्तारामच्या हाती आला. गेली आठ वर्षं दत्ताराम देवासमोरच्या खांबाजवळ उभा राहिला होता तो या एकाच कामासाठी. ठराव समजावून सांगायला म्हणून उठला खरा, पण त्या जागी पाय पडले, आपोआप हात जुळले, डोळे मिटले आणि गाऱ्हाण्याचा सूर लागला.

"बा देवा रवळनाथा, गावच्या राखणदारा! आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाशी जमली आसत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी सभा.

"जो कोण घरात बसान सरकारचो पगार खाता, तेच्या हातापायाक बळ दी, आणि दर शनवारी तेच्या हातून हो किनारो झाडून घी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण झाडूचो नाय, तेका पंचायतीच्या दारातसून रिकामो धाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. गाऱ्हाण्याचा सूर कानावर पडला की तोंडातून व्हय निघतोच. त्यात विचार करायचा नसतो, विचार करण्याची जबाबदारी देवावर टाकलेली असते. बायकांच्या बाजूला बसलेली सत्यवतीही तिन्ही वेळा व्हय म्हणाली, आणि तिच्या शेजारी बसलेली सत्तरीची रुक्मिणीआक्काही म्हणाली. तिसऱ्या व्हयनंतर दोघींनी एकमेकींकडे बघितलं, पण तोवर उशीर झाला होता. संचिता मॅडमना गाऱ्हाणं ठाऊक नव्हतं. त्यांनी एवढंच पाहिलं की अख्ख्या गावाने तीनदा मोठ्याने होकार दिला. नोकरीत त्यांनी असा ठराव कधी पाहिला नव्हता. त्यांनी कौतुकाने लिहिलं, 'सर्वानुमते, एकमुखाने मंजूर.'

यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

पुढच्या शनिवारी सकाळी नऊजण किनाऱ्यावर हजर झाले. यादीत दहा होते. जितेंद्रने पिवळीधमक जाकिटं आणली होती आणि त्यांच्या पाठीवर जाड काळ्या अक्षरांत छापून घेतलं होतं, 'लाभार्थी'. झाडण्याआधी एक फोटो, झाडल्यावर एक फोटो. सत्यवती त्या वेळी आपल्या अंगणात माडाच्या झावळीचे हीर सोलत बसली होती. हिरांची केरसुणी, जिला इकडे वाढवण म्हणतात, ती बांधावी तर सत्यवतीनेच. मालवणच्या बाजारात तिच्या वाढवणी दुपारपर्यंत उरत नाहीत. देवळाचं अंगण रोज पहाटे तीच झाडते, आणि ते कोणत्याही ठरावाने नव्हे.

दुपारी रुक्मिणीआक्का गुडघे धरत तिच्याकडे आली. जाकीट अंगातच होतं.

"सत्या गो, तू काय येवक नाय? माका वाटला तुका बरा नाय."

"माका बरा आसा, आक्का. म्हणानच येवक नाय."

"आपण देवासमोर व्हय म्हटला ना गो."

"देवान इचारूक नव्हता. भावजींनी इचारलेला."

रुक्मिणी गुडघे चोळत खाली बसली. मग सांगू की नको करत तिने सांगितलं. झाडताना एक पर्यटक मुलगी समोरून आली. बरीच गोड होती. पाणी पिऊन झालेली बाटली तिने रुक्मिणीच्या हातात दिली आणि म्हणाली, "आजी, ही पण घ्या." पाठीवर लिहिलेलंच होतं, त्या मुलीची तरी काय चूक?

"मगे तू काय म्हटलंस?"

"थँक्यू म्हटलंय," रुक्मिणी म्हणाली.

सत्यवतीच्या हातातला हीर मोडला. रुक्मिणीने उभ्या आयुष्यात कोणाचा चहा फुकट घेतला नव्हता. दोन मुलगे लहानपणी तापाने गेले, नवरा समुद्रात गेला, तरी ही बाई कधी कोणासमोर हात पसरून उभी राहिली नव्हती. आणि आज तिने उष्टी बाटली हातात घेऊन आभार मानले. सत्यवतीला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग, आणि तो शेवटपर्यंत उतरला नाही.

तीन शनिवार चुकल्यावर जितेंद्र स्वतः अंगणात आला. माणूस वाईट नव्हे, हे पुन्हा सांगतो. त्याने खाली बसून पाणी मागितलं, सोलकढीची चौकशी केली, मग विषयावर आला.

"काकी, दोन तासांचा काम. तुमका कोण समुद्र उपसूक सांगणा नाय."

"माका म्हायत आसा."

"तुमीच सगळी म्हणतास, निराधारचो पगार इलो. पगार म्हणतास ना? मगे पगाराक काम नको? फुकट खावची सवय लागली काय माणूस कामातसून जाता. मी तुमच्या वायटाचा सांगणंय नाय."

आता हा मुद्दा तसा बिनतोड. दर महिन्याला येतं त्याला इकडे सगळे पगारच म्हणतात, मग तो बँकेतल्या साहेबाचा असो की निराधार बाईचा. लोकांच्या जिभेच्या सवयीतून जितेंद्रने कायदा काढला होता. पण सत्यवतीही काही दुधखुळी नव्हती.

"जितू, तुझो आजो रापणीचो तांडेल होतो. शंभर माणसां तेच्या शब्दार जाळ्याची दोरी ओढीत, म्हावरा किनाऱ्यार येय, वाटे पडत. दर्यात जिचो घो गेलो, तिचो वाटो खंय जाय?"

"तिच्या घराकडे जाय," जितेंद्र म्हणाला. हे त्याने लहानपणी पाहिलेलं होतं.

"टोपलेत घालून, वर केळीचा पान झाकून जाय. कित्याक झाकीत? शेजाऱ्याक दिसाचा नाय म्हणान. 'आदी दोरी ओढ, नायतर वाटो नाय,' असा तुझ्या आज्यान कधी कोणाक सांगल्यान?"

"ते दिस गेले, काकी."

"गेले, खरा. पण त्येंच्या जागेर हो 'नायतर' खयसून इलो?"

जितेंद्रने दुसरा पत्ता टाकला. "यादीत खोटी नावांव आसत. तुमका म्हायत नाय काय?"

"आसत. धोंडूचे दोन कमावते झील बोटीर आसत, दारात गाडी आसा. तेचा नाव काढ, आताच्या आता सही करतंय. पण तू तेका काय करूचंस नाय, तेची पाच मतां आसत. तेच्या नावान रुक्मिणीआक्काच्या पाठीर कित्याक लिवलंस?"

चोर सोडून संन्याशाला फाशी, हे जितेंद्रलाही कळत होतं. तो उठला. चपला घालता घालता म्हणाला, "मी भांडूक येवक नव्हतंय. झाडलास तर बरा. नायतर दाखलो गावचो नाय, ह्या आदीच सांगून ठेवतंय."

"जितू," सत्यवती बसल्या जागेवरून म्हणाली, "झाडूक माझी ना नाय. 'नायतर' ह्या शब्दाक माझी ना आसा."

नुसतं "काकी, येशात?" म्हटलं असतं तर ही बाई चार वाढवणी काखेत मारून सगळ्यांच्या आधी किनाऱ्यावर गेली असती. जितेंद्रला ते सुचलं नाही. ज्याच्या हातात शिक्का असतो त्याला विनंती सुचत नाही.

जानेवारीत ती दाखल्यासाठी पंचायतीत गेली. तिथे ती शुद्ध बोलते, सगळेच बोलतात.

"ताई, तुमच्या नावापुढे एकही हजेरी नाही," संचिता मॅडम रजिस्टर उलटत म्हणाल्या.

"मॅडम, मी तुमच्या समोर उभी आहे. मेलेली बाई ही चढण चढून येईल का?"

"मला दिसताय हो तुम्ही. पण ठराव आहे."

"ठरावात मी मेले असं लिहिलंय?"

"नाही. ठरावात 'अन्यथा' लिहिलंय."

"म्हणजे काय?"

"म्हणजे... नाहीतर."

"म्हणजे आमचाच नायतर," सत्यवती म्हणाली, "शाळेत जाऊन आलेला."

मॅडमना हसू आवरलं नाही, पण शिक्का काही त्यांनी मारला नाही. नियमाने वागणारी बाई. "गावाच्या ठरावावर गावाचाच ठराव लागतो, ताई," एवढंच त्या म्हणाल्या.

दाखला नाही म्हणजे पगार बंद, हे ती घरी येईपर्यंत मनात घोळवत राहिली. वाढवणी विकून मीठ-मिरची सुटते, पण पावसाळ्याचे चार महिने बाजार नसतो. तेव्हा तांदूळ येतो तो या पगारातून. बांद्याला तिचा भाऊ आहे, त्याला सगळे भाईच म्हणतात. भला माणूस. दर गणपतीला फोन करून सांगतो, "आक्का, तू हयच येवन रव, आमका काय जड नाय." पण भाईच्या बायकोने माळ्यावरची खोली एकदा दाखवली होती, आणि दाखवताना तिथली सुकी कोकमं कुठे ठेवायची याची काळजी केली होती. सत्यवती त्या खोलीत राहिली असती तर दोन वेळचं जेवण मिळालं असतं, नाही असं नाही. पण आपल्या दाराची कडी आपण लावायची आणि आपणच काढायची, हे सुख त्या पगारात होतं, आणि आता तेच जाणार होतं. साठी उलटलेल्या बाईकडे उरतं तरी काय दुसरं?

सव्वीस जानेवारीला झेंडा झाला, जिलेबी झाली, आणि सभा देवळात बसली. या खेपेला सत्यवती पुढे बसली. तिने हात वर केला. जितेंद्र म्हणाला, आयत्या वेळचे विषय शेवटी. पाण्याची टाकी झाली, स्मशानाचा पत्रा झाला, पार्किंगची जागा झाली. बारा वाजले, माणसं जेवणाच्या ओढीने चुळबुळायला लागली. तेव्हा कुठे तिची पाळी आली.

"दोन ऑक्टोबरचो ठराव मागे घेवा," ती म्हणाली.

जितेंद्र काही बोलण्याआधी दत्तारामच उठला. "वयनी, तो पंचायतीचो ठराव नव्हे. देवाक दिलेलो शब्द आसा. गावान तीनदा व्हय म्हटलेला. तुमीव म्हटलास. देवाकडचो शब्द मोडूक गावता काय?"

मंडपात माना डोलल्या. नेमकं हेच होतं ना! कायद्याला कोणी भीत नव्हतं. तहसीलदाराच्या सहीचं पत्र असतं तर त्यातून गावाने वाट काढली असती. पण रवळनाथापुढे दिलेला व्हय मागे कसा घ्यायचा? म्हणूनच तर रुक्मिणी आणि बाकीची माणसं सोळा शनिवार पाठीवर अक्षरं घेऊन वाळू झाडत होती.

सत्यवती उठली. मग तिने पदर कमरेला खोचला आणि सरळ चालत खांबाजवळच्या त्या जागी जाऊन उभी राहिली.

"वयनी, ह्या काय?" दत्ताराम घाबरून म्हणाला. "बायल माणसान गाऱ्हाणा घालूचा नसता!"

"भावजी, पंचायत माका कागद देवक नाय. सभा माका बोलूक देणा नाय. आता देवाकडे बोलूक पण दाखलो लागता काय?"

दत्ताराम खांबापासून बाजूला झाला. आणि खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा तिलाच गाऱ्हाणं अधिक येत होतं. बाळा तीस वर्षं अंगणात फेऱ्या मारत घोकायचा आणि मध्येच अडला की पडवीत हीर सोलणारी सत्यवती पुढचा शब्द पुरवायची. देवाला ते गाऱ्हाणं बाळाचं वाटत असेल; त्यातलं अर्धं तिचं होतं.

तिने हात जोडले. डोळे मात्र मिटले नाहीत.

"बा देवा रवळनाथा, गावच्या राखणदारा! ही तुझी लेकरां आज परत तुझ्या पायाशी जमली आसत रे म्हाराजा!"

बाईचा आवाज त्या जागेवरून कधी कोणी ऐकला नव्हता. मग बायकांच्या बाजूने रुक्मिणीचा एकटीचा बारीक आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

"ह्या गावान तुका दोन ऑक्टोबरला शब्द दिल्यान, सरकारचा खातलो तो किनारो झाडतलो. तो शब्द पुरो करून घी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता निम्मी सभा, आणि सगळ्यांत मोठा आवाज दत्तारामचा. त्याला वाटलं, वयनीला अक्कल आली.

"पण देवा, गावान तुझो शब्द अर्धोच पाळल्यान. निराधारांचो पगार दिसलो, बाकीच्यांचो दिसाक नाय. ता काय येडावाकडा झाला असात ता पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सूर लागला होता. तीस वर्षांची सवय होती, आणि लय तीच बाळाची.

"जेच्या होमस्टेक सरकारचा अनुदान गावला, जेच्या होडयेक डिझेलचो परतावो गावता, जेच्या आंब्याक सरकारचो इमो आसा, जेच्या खात्यार शेतकऱ्याचो हप्तो येता, तेंका सगळ्यांका शनवारी सकाळी येळार जाग हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मंडप दणाणला.

"आणि तेंच्यातलो जो कोण झाडूचो नाय, तेकाव पंचायतीच्या दारातसून रिकामो धाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हा..."

इथे आवाज फुटला. अर्ध्यांनी तोंडावर हात ठेवला, उरलेल्यांनी पूर्ण म्हणून टाकलं आणि मग शेजाऱ्याकडे बघितलं. आपण कशाला व्हय म्हटलं हे एकेकाच्या चेहऱ्यावर उतरायला लागलं. बायकांच्या बाजूला कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग हसू थांबेना.

जितेंद्र उठून उभा राहिला. "काकी, ही काय चेष्टा? मॅडम, ह्या लिवू नकात!"

"लिहून झालं," संचिता मॅडम म्हणाल्या. "मागच्या वेळीही असंच लिहिलं होतं, सर. तेव्हा तुम्ही हरकत घेतली नव्हती."

"अनुदान वेगळं असतं!" जितेंद्र आता मॅडमच्या भाषेत बोलायला लागला होता. "ते धंद्यासाठी मिळतं. त्यातून गावाला रोजगार मिळतो."

"आणि माझो तांदूळ काय दुबईच्या दुकानातसून येता?" सत्यवतीने विचारलं. "जितू, तुका सरकारान दिल्यान तेवा 'किनारो झाड' म्हणान कोणी सांगल्यान? तुझ्या पाठीर कोणी काय लिवल्यान? तुका दिला ता अनुदान, आमका दिला ती भीक. इतको फरक कोणी केल्यान, देवान?"

"मग आता सगळ्यांनी झाडायचं?"

"झाडूया की! मीव येतंय, वाढवणी माझ्यो. किनारो सगळ्यांचो आसा. पण त्या 'नायतर'चा काय करूचा, ता तू सांग. ठेवतंस, तर सगळ्यांका ठेव. तुझ्या परवान्याक दाखलो लागतलो, भावजींच्या होडयेक लागतलो. काढतंस, तर सगळ्यांचो काढ."

जितेंद्रने सभेकडे पाहिलं. सभेने डोळे खाली घातले. पुढच्या महिन्यात कोणाला सातबारा लागणार होता, कोणाला बोटीचे कागद, कोणाला मुलीच्या कॉलेजसाठी रहिवासी. मागे कोणीतरी पुटपुटलं, "काढून टाक रे जितू, कित्याक पिरपिर?" तेच दुसऱ्याने म्हटलं, मग तिसऱ्याने. निराधारांवर 'अन्यथा' असताना तो शब्द चार महिने कोणाला खुपला नव्हता. स्वतःच्या उंबऱ्यात आला तेव्हा पाच मिनिटांत सगळ्यांना टोचला.

दत्ताराम मात्र उभाच होता. त्याच्या तोंडावर खरीच चिंता होती. "पण देवाक दिलेलो शब्द, वयनी?"

"देवाक किनारो साफ व्हयो, भावजी. तो होतलो. 'नायतर' देवान मागूक नव्हतो. तो आपण घातलेलो."

दत्तारामने गाभाऱ्याकडे बघितलं. मग हळूच खाली बसला.

जितेंद्रने घाम पुसला. "अन्यथा काढा, मॅडम," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, कोणाकडे न बघता, "जाकिटांव नको."

सभा उठायला लागली. पण सत्यवती खांबाजवळून हलली नव्हती. "बसा," ती म्हणाली. "गाऱ्हाणा पुरा होवक नाय."

माणसं बसली.

आता तिचा आवाज खाली आला. मघाची धार त्यात नव्हती. "बा देवा रवळनाथा! तुझ्या अंगणात मी रोज केर काढतंय, तुका म्हायत आसा. ह्या गावात माझा लगीन झाला, ह्याच गावात माझो घो गेलो. ह्या सगळ्यांका मी वळाखतंय, ही सगळी माका वळाखतत. तरीपण माका कागद व्हयो. तर ही बाळाची सत्यवती जिती आसा, ही रुक्मिणी जिती आसा, आमी धाय जणा जिती आसंव, ह्या गावान आज आपल्या तोंडान सांगूचा रे म्हाराजा!"

या वेळी कोणाच्याही तोंडून व्हय आपोआप निघाला नाही. माणसं ऐकत होती. प्रत्येकाने तिच्याकडे पाहिलं, रुक्मिणीकडे पाहिलं. मग दत्ताराम उठून उभा राहिला, त्याने हात जोडले आणि एकट्याने म्हटलं, "व्हय म्हाराजा." त्यानंतर जो आवाज उठला तो खालच्या वाडीपर्यंत गेला. जितेंद्रचाही त्यात होता. थोडा उशिरा, पण होता.

संचिता मॅडम पेन धरून बसल्या होत्या. असल्या ठरावाचा मसुदा कुठल्याच परिपत्रकात नव्हता. शेवटी त्यांनी जे ऐकलं तेच लिहिलं: 'ठराव क्रमांक सात. श्रीमती सत्यवती बाळा कोयंडे, श्रीमती रुक्मिणी व इतर आठजण जिवंत आहेत. सर्वानुमते मंजूर.'

त्यांनी तिथेच दाखला भरला, पिशवीतून शिक्का काढला आणि मारला. सत्यवतीने कागद उजेडाला धरून सावकाश वाचला, मग पहिल्यापासून पुन्हा वाचला.

"काही चुकलंय का, ताई?"

"नाही," सत्यवती म्हणाली. "कुठे 'अन्यथा' राहिलाय का ते बघत होते."